विद्यापीठाच्या विभागात एम.ए., एम.एस्सी. करताना

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतील आवारात दरवर्षी पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून पदवी घेतलेले विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणासाठी दाखल होतात. १९४९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा परिसर ४०० एकरांहून मोठा आहे. येथे शिकवणारे प्राध्यापक स्वतः संशोधन करतात, त्यांच्या हाताखाली पीएच.डी.चे विद्यार्थी काम करत असतात, आणि कुंपणाच्या आतच काही राष्ट्रीय संशोधन संस्थाही उभ्या आहेत. मात्र हे सारे वापरा असे सांगायला कोणी तुमच्याकडे येत नाही. तासांना बसून, परीक्षा देऊन, चांगले गुण घेऊन दोन वर्षांनी बाहेर पडणे येथे सहज शक्य आहे, आणि तसे बाहेर पडणाऱ्या हुशार मुलामुलींची संख्या पाहून मला मनापासून वाईट वाटते. म्हणून हे मार्गदर्शन मुख्यतः पहिल्या वर्षासाठी आहे.

प्रवेश झाला की अभ्यासक्रमाचा आराखडा विभागाच्या कार्यालयातून मिळवा आणि तो शेवटच्या सत्राकडून पहिल्या सत्राकडे वाचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून लागू झालेल्या रचनेत दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम साधारणपणे ८८ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) आहे. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती हा विषय असतो, दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रकार्य असते, तर तिसऱ्या आणि चौथ्या सत्रांत मिळून १० श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. हा प्रकल्प तिसरे सत्र सुरू झाल्यावर शोधायला घेतला, तर उरलेल्या मार्गदर्शकाकडे उरलेला विषय पदरी पडतो. संशोधन पद्धतीचा विषय अनेकांना रटाळ वाटतो, पण त्यातला प्रत्येक गृहपाठ आपल्या संभाव्य प्रकल्पाला जोडून केला, तर तोच वर्षभरात सर्वांत उपयोगी ठरतो.

मार्गदर्शक निवडण्याचे काम पहिल्या सत्रातच सुरू करावे, आणि त्याची सुरुवात भेटीने न करता वाचनाने करावी. विभागातील प्राध्यापकांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध शोधा. ते पूर्ण कळणार नाहीत, आणि पहिल्या वर्षी ते कळावेत अशी कोणाची अपेक्षाही नसते. प्रस्तावना आणि निष्कर्ष नीट वाचले, तरी प्रश्न काय होता एवढे ध्यानात येते. त्यानंतर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या ‘शोधगंगा’ या संग्रहात जाऊन त्या प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांचे पीएच.डी.चे प्रबंध पाहा. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात पुढे काय करता येईल याची चर्चा बहुधा असते, आणि पदव्युत्तर प्रकल्पाला पुरेल एवढा लहान प्रश्न अनेकदा तेथेच सापडतो.

एवढे झाल्यावर ई-मेल लिहा. ‘सर, मला आपल्याकडे प्रकल्प करायचा आहे, कृपया संधी द्यावी’ अशा मजकुराला उत्तर देणे कोणत्याही प्राध्यापकाला अवघड जाते, कारण त्यात विचार करण्याजोगे काहीच नसते. त्याऐवजी आपण कोणता निबंध वाचला, त्यातील कोणती गोष्ट समजली नाही आणि भेटीसाठी वीस मिनिटे केव्हा मिळतील, हे पाच-सहा ओळींत लिहावे. आठवडाभरात उत्तर आले नाही, तर नाराज न होता तास संपल्यावर समक्ष विचारावे. भेटीला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, आणि भेटीनंतर त्याच दिवशी काय ठरले याची दोन ओळींची नोंद त्यांना पाठवावी. शिवाय त्यांच्या प्रयोगशाळेतील किंवा विभागातील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांशी बोलल्याशिवाय निर्णय घेऊ नये. सर किंवा मॅडम किती वेळा भेटतात, लिहिलेले किती दिवसांत वाचून परत देतात, चूक झाली तर कसे बोलतात, हे सीनियरच सांगू शकतात. माझ्या मते मार्गदर्शकाच्या नावलौकिकापेक्षा या तीन उत्तरांना अधिक महत्त्व द्यावे.

ग्रंथालयाच्या बाबतीत एक मोठा बदल लक्षात घ्या. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांच्या नावाने ओळखले जाणारे जयकर ग्रंथालय पुस्तकांसाठी आहेच. पण केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाल्यामुळे सुमारे १३,००० आंतरराष्ट्रीय नियतकालिके देशभरातील सरकारी उच्चशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना खुली झाली आहेत. आवाराबाहेरून ती कशी उघडायची, हे पहिल्याच महिन्यात ग्रंथपालांना विचारून घ्यावे. इतिहास, मराठी, संस्कृत किंवा अर्थशास्त्र शिकणाऱ्यांना तर सारे पुणे शहरच ग्रंथालयासारखे आहे: भारत इतिहास संशोधक मंडळ, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, डेक्कन कॉलेज, अर्थशास्त्राची गोखले संस्था आणि पेशवेकालीन कागदपत्रांचे पेशवे दफ्तर. अशा ठिकाणी जाताना विभागप्रमुखांचे पत्र जवळ असलेले बरे. मराठ्यांच्या इतिहासावर काम करायचे असेल, तर जुनी मराठी कागदपत्रे ज्या लिपीत आहेत ती मोडी लिपी पहिल्या वर्षीच शिकावी, कारण प्रकल्पाच्या धावपळीत ती सरावाची होत नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी शेजार फार मोलाचा आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर ज्या संस्थेचे संस्थापक-संचालक होते ती खगोलशास्त्राची आयुका, खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचे काम पाहणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आणि राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आवारातच आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) पाषाणच्या बाजूला आहेत. तेथील व्याख्यानांच्या सूचनांवर लक्ष ठेवा आणि विद्यार्थ्यांना खुले असलेले किमान एक व्याख्यान दर महिन्याला ऐका. सुरुवातीला बरेचसे डोक्यावरून जाईल, तरी जात राहावे. उन्हाळ्यात दोन महिने बाहेरच्या शास्त्रज्ञाकडे काम करायचे असेल, तर देशातील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे. तिचे अर्ज बऱ्याच आधी, साधारण हिवाळ्याच्या सुमारास भरावे लागतात आणि सोबत शिफारस लागते. म्हणजेच दिवाळीपर्यंत निदान एक तरी प्राध्यापक तुम्हाला नावाने आणि कामाने ओळखत असले पाहिजेत.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीचा संकोच वाटतो आणि त्यापायी शंका मनातच राहतात. शंका मराठीत विचारा. बहुतेक शिक्षकांना ती समजते आणि आवडतेही. कोणत्या विषयाच्या परीक्षेत मराठीत उत्तरे लिहिता येतात हे कार्यालयात आधीच विचारून ठेवा, मात्र दर आठवड्याला वाचलेल्या एका निबंधाचा अर्ध्या पानाचा सारांश इंग्रजीत लिहिण्याची सवय सोडू नका.

टिपणे काढताना लेखक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक तेथल्या तेथे लिहावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार आपला मजकूर इतरांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत जुळला तर दंड नाही, त्यापुढे मात्र टप्प्याटप्प्याने कारवाई होते. अडचणीत सापडणारे कितीतरी जण लबाड नसतात, केवळ उद्धरण कोणते आणि आपले वाक्य कोणते हे त्यांना सहा महिन्यांनी आठवत नाही.

पैशांची ओढाताण असेल, तर विद्यापीठाची कमवा व शिका योजना आणि राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्त्या यांची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करावी. पुढे पीएच.डी. करायची असेल, तर नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) आणि सेट (राज्य पात्रता परीक्षा) यांतला फरक ओळखून तयारी करावी. पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेत असलेल्या सेटमुळे सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, संशोधनवृत्ती मिळत नाही; दरमहा ३७,००० रुपयांची कनिष्ठ संशोधनवृत्ती नेटमधूनच मिळते. नेट सहसा वर्षातून दोनदा होते आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ती देता येते, त्यामुळे अभ्यास पहिल्या वर्षाच्या सुटीतच सुरू करावा.