मेडिक्लेम घेताय? आधी रूम रेंटची अट शोधा

मेडिक्लेम घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न असतो, प्रीमियम किती बसतो? मी म्हणते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा, आधी रूम रेंटची अट बघा. का ते सांगते.

माझ्या मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. पॉलिसी 5 लाखांची आणि बिल झालं 2 लाख 12 हजार, म्हणजे काही काळजीच नाही असं आम्ही धरून चाललो. पॉलिसीत रूमच्या भाड्याची मर्यादा होती विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 5 हजार, आणि आम्ही घेतली 8 हजारांची रूम, चार दिवस, वाटलं वरचे 12 हजार जातील खिशातून, जाऊ देत. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर सांगितलं 57 हजार भरा! झालं असं की रूम महागडी घेतली की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापतात. 8 हजारातले 5 हजार म्हणजे साडेबासष्ट टक्के, तर या खर्चाचे 1 लाख 20 हजार होते त्यातले 75 हजारच मंजूर झाले. औषधं आणि तपासण्यांचे 60 हजार तेवढे पूर्ण मिळाले, कारण त्यांना ही कात्री लागत नाही. मावशी बिचारी टाके ओले असताना आम्हालाच सॉरी म्हणत होती, ते अजून डोळ्यासमोर येतं.

म्हणून रूम रेंटला लिमिट नसलेली किंवा निदान सिंगल प्रायव्हेट रूम चालेल अशी पॉलिसी घ्या, वर्षाला थोडे जास्त गेले तरी चालतील. त्याच पानावर को-पे पण बघून घ्या, 20 टक्के को-पे म्हणजे प्रत्येक क्लेममधला पाचवा हिस्सा तुमचा, स्वस्त पॉलिसी बऱ्याचदा इथेच स्वस्त झालेली असते. मोतीबिंदूसारख्या ऑपरेशनला वेगळी मर्यादा आहे का तेही विचारा.

मग वेटिंग पिरियड. पहिले 30 दिवस अपघात सोडून काहीच मिळत नाही, हर्निया, मोतीबिंदू, गुडघे बदलणं यांना साधारण दोन वर्षं, कुठे तीन, आणि आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं, पूर्वी ही मर्यादा चार होती, 2024 पासून कमी झाली. आता कळकळीने सांगते, शुगर, बीपी, थायरॉइड, जुनं ऑपरेशन, जे असेल ते फॉर्ममध्ये लिहा. एजंट म्हणतो "गोळी चालू आहे ते कशाला लिहिता, प्रीमियम वाढेल", पण क्लेमच्या वेळी हॉस्पिटलच्या केस पेपरवर "डायबेटिस, सात वर्षं" असं लिहिलेलं असतं आणि क्लेम रिजेक्ट झाला तर एजंट येणार नाही निस्तरायला. सलग 5 वर्षं पॉलिसी चालू राहिली की माहिती दडवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, पण त्या भरवशावर राहू नका.

आई-बाबांना आपल्या फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच रक्कम असलेल्या पॉलिसीत, घालू नका. फ्लोटरचा प्रीमियम घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, आणि त्यांच्या एका आजारपणात सगळ्यांची रक्कम संपून जाते, त्यांची वेगळी काढा. 70 च्या पुढचे असतील तर उत्पन्न कितीही असो, त्यांचं आयुष्मान कार्ड काढून ठेवा, आणि महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतात, फक्त यादीतलीच हॉस्पिटलं आणि ठरलेलेच उपचार.

रक्कम किती घ्यायची? पुण्या-मुंबईत 5 लाख कमी पडतात असं माझं मत, पण 20 लाखांची पॉलिसी झेपत नसेल तर 5 लाखांची बेस आणि तिच्यावर सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या वर गेलेलं बिल देणारी दुसरी पॉलिसी, बरंच स्वस्त पडतं. साधा टॉप-अप नको हं, त्यात प्रत्येक ॲडमिशनचं बिल वेगळं धरतात, सुपरमध्ये वर्षभराची बिलं एकत्र. ऑफिसची पॉलिसी आहे म्हणून थांबला असाल तर नोकरी सुटल्यावर ती पण सुटते हे लक्षात ठेवा. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फॅमिली पॉलिसीवर 18 टक्के जीएसटी लागत नाही, जुनं कोटेशन कुणी पुढे केलं तर नवीन मागा.

पैसे भरायच्या आधी घराजवळच्या ज्या हॉस्पिटलात तुम्ही खरंच जाल तिथल्या इन्शुरन्स डेस्कला जाऊन विचारा, या कंपनीचं कॅशलेस चालतं का आणि सिंगल रूमचं भाडं किती, दहा मिनिटांचं काम आहे. पॉलिसी हातात आली की 30 दिवसांत आवडली नाही तर परत करता येते, त्यामुळे ती लगेच वाचा आणि नाव, जन्मतारीख, लिहिलेले आजार बरोबर आलेत का बघा. मग कार्डाचा फोटो आणि हेल्पलाइन नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाका, आईच्या पण.