द्राक्षाच्या काड्या, चोवीस पुड्या आणि मोठ्यांची फजिती

१ डिसेंबरला पहिली पुडी फोडायची असेल तर नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यातच हात घाला, कारण हे ॲडव्हेंट कॅलेंडर, म्हणजे नाताळपर्यंत रोज एक पुडी उघडायचं घरगुती कॅलेंडर, बांधायला एक रविवार पुरतो पण त्यात काय काय घालायचं हे ठरवायला वेळ लागतो, आणि खरी धमाल त्यातच आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. ॲडव्हेंट म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा काळ, आपल्याकडच्या मराठी चर्चमध्ये त्याला आगमनकाळ म्हणतात. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यात जो रविवार येईल तेव्हा सुरू होतो, म्हणजे तारीख दरवर्षी हलते, पण कॅलेंडरवाले त्या भानगडीत पडत नाहीत, सरळ १ ते २४ डिसेंबर. मूळ जर्मनीतलं. तिकडे एकोणिसाव्या शतकात घरोघरी दारावर खडूने २४ रेघा मारायचे आणि पोरं रोज एक रेघ पुसायची, पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकच्या गेरहार्ड लांग यांनी छापील कॅलेंडरं काढली आणि मग छोटे छोटे दरवाजे उघडायचा प्रकार आला. आता चॉकलेटवाली तयार कॅलेंडरं ऑनलाइन मिळतातच. घ्यायची तर घ्या, पण माझं मत विचाराल तर त्यात पोरांना करण्यासारखं काही नसतं, खाल्लं की संपलं, आणि घरात दोन पोरं असतील तर ३ तारखेपर्यंत २४ वा दरवाजासुद्धा कुणीतरी उचकटलेला असतो.

म्हणून आमच्याकडचा नियम असा की पुडीत वस्तू नाही, चिठ्ठी. आणि निम्म्या चिठ्ठ्या आपण पोरांसाठी लिहायच्या, निम्म्या पोरांनी आपल्यासाठी. हा दुसरा भाग गाळलात तर मग ते कॅलेंडर नाही, होमवर्कचं टाइमटेबल होतं, पोरांना लगेच कळतं.

आधी सांगाडा. नाशिकमध्ये राहून दुकानातून डेकोरेशनची फांदी विकत आणणं म्हणजे कमालच झाली. ऑक्टोबर छाटणी उरकली की दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे द्राक्षबागांच्या बांधाला काड्यांचे ढीग पडलेले असतात, नोव्हेंबरात त्या मस्त वाळून खडखडीत होतात. ओळखीच्या कुणाची बाग असेल तर विचारून एक मोळी उचलून आणा, कुणी नाही म्हणत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, बागेवर फवारण्या झालेल्या असतात, त्यामुळे आल्या आल्या पोरांच्या हातात द्यायच्या नाहीत. तुम्ही हातमोजे घालून सुटलेली साल काढा, साबणाच्या पाण्याने काड्या धुवा, दोन-तीन दिवस गच्चीवर उन्हात टाका, मग पोरांना बोलवा. बाग नसेल ओळखीत तर कॉलनीत पडलेली एखादी सरळ फांदी, जुनं लाटणं, कपड्याचे हँगर, काहीही चालेल.

द्राक्षाची एकटी काडी पेन्सिलीएवढी बारीक असते, वजन पडलं की वाकते, म्हणून पाच-सहा काड्यांची एक जुडी करून सुतळीने तीन जागी आवळा. दोन-अडीच फूट लांबीच्या अशा चार जुड्या करायच्या आणि दोन्ही बाजूंनी सुतळी सोडून एकाखाली एक बांधायच्या, मधे वीतभर अंतर ठेवून. शिडी तयार. एका पायरीला सहा पुड्या, चार पायऱ्यांना चोवीस. खिडकीच्या ग्रिलला किंवा पडद्याच्या रॉडला टांगा, पण धाकट्याचा हात वरच्या पायरीला पोचणार नाही इतकी उंच नको, नाहीतर रोज सकाळी शाळेच्या घाईत तुम्हालाच स्टूल आणावं लागेल.

आता पुड्या. हे काम आजी-आजोबांना द्या, म्हणजे ज्यांनी किराणा दुकानात कागदाच्या पुड्या बांधताना पाहिलंय त्यांना. वर्तमानपत्राचा वीतभर चौकोन घ्यायचा, एका कोपऱ्यापासून शंकूसारखा गुंडाळायचा, खालचं टोक दुमडायचं, चिठ्ठी आत टाकायची, वरचे कान आत दाबून झाकण करायचं, दोऱ्याचे एक उभा एक आडवा असे वेढे आणि वर सुरगाठ. सुरगाठच हवी. एक टोक ओढलं की सुटली पाहिजे, नाहीतर सकाळी सव्वासहाला दाताने दोरा तोडायचा कार्यक्रम होतो. पोरांच्या पहिल्या चार-पाच पुड्या भजी ठेवायच्या द्रोणासारख्या दिसतील, दिसू देत, त्या तशाच टांगा.

खाऊ मात्र या पुडीत थेट घालू नका. एक तर वर्तमानपत्राच्या शाईतलं काहीबाही अन्नाला लागतं, अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी एफएसएसएआयनेही वर्तमानपत्रात खाण्याचे पदार्थ बांधू नका म्हणून सांगितलेलं आहे, आणि दुसरं म्हणजे मुंग्या. २० तारखेच्या पुडीत १ तारखेपासून चिक्की ठेवली तर मुंग्यांचा नाताळ आधी होतो. खाऊ द्यायचाच असेल तर चिठ्ठीवर लिहा, ‘पोह्यांच्या डब्यामागे बघ’, आणि आदल्या रात्री तिथे ठेवून द्या. शोधण्यात जी मजा आहे ती हातात मिळण्यात नाही.

आकडे कुठून आणायचे? गेल्या वर्षीचं कालनिर्णय असेलच भिंतीमागे कुठेतरी, त्याच्या कुठल्याही महिन्यातले १ ते २४ कापा आणि चिकटवा. लावताना मुद्दाम उलटसुलट लावा, १७ च्या शेजारी ३, कारण रोज आजचा आकडा शोधायचा हाही खेळच आहे, बालवाडीतल्या पोराला आकडे फुकटात येतात.

घरात जागाच नसेल तर काडेपेट्यांचा टॉवर करा. चोवीस रिकाम्या काडेपेट्या एकावर एक चिकटवल्या की छोटे छोटे ड्रॉवर होतात. काड्या पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा घट्ट झाकणाच्या बरणीत उंचावर ठेवा आणि पेट्यांच्या काडी ओढायच्या बाजूंवर कागद चिकटवून टाका. बाकी सगळं तेच.

आता चिठ्ठ्या, आणि इथे घाई करू नका. एका कागदावर २४ चौकोन आखा, प्रत्येकात वार लिहा, मग घरातल्या सगळ्यांचं वेळापत्रक भरा. शाळेचं गॅदरिंग कधी, लग्न कुठलं, बाबांची सातपूरला सेकंड शिफ्ट कुठल्या आठवड्यात, क्लास कोणत्या दिवशी. त्यानंतरच चिठ्ठी. मंगळवारी रात्री नऊला घरी येणाऱ्या माणसाच्या नावाने ‘आज सगळ्यांनी मिळून केक करायचा’ असं आलं की भांडण ठरलेलं. मधल्या वारांना पाच-दहा मिनिटांची चिठ्ठी, शनिवार-रविवारी मोठी.

काही तारखा मात्र आधीच पक्क्या करा, कारण त्यांना मागे गोष्ट आहे. ४ डिसेंबर हा संत बार्बराचा दिवस, फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात आणि लेबनॉनमध्ये त्या दिवशी ताटलीत गहू रुजत घालतात आणि नाताळपर्यंत ते हिरवेगार वाढतात. आपल्या पोरांना हे समजवावं लागत नाही, नवरात्रातला घट त्यांनी पाहिलेला असतो. ओल्या कापडावर किंवा मातीत मूठभर गहू, रोज पाणी शिंपडायची ड्यूटी एकाची, आणि २४ ला कुणाचे उंच झाले ते पट्टीने मोजायचं. ५ तारखेची चिठ्ठी अशी: ‘बूट स्वतः पॉलिश करून रात्री दारात ठेवा.’ जर्मनीत संत निकोलसच्या आदल्या रात्री पोरं अशीच बूट ठेवतात आणि ६ ला सकाळी त्यात खाऊ सापडतो. आपल्याकडे बुटात संत्रं आणि मूठभर शेंगा ठेवल्या की झालं (बूट आतून पुसून, आणि संत्रं कागदात गुंडाळून, त्या बुटांचा वास तुम्हाला माहितीये).

२१ किंवा २२ डिसेंबर, जो सुट्टीचा किंवा सोयीचा असेल तो, सावलीचा दिवस. वर्षातला सगळ्यात लहान दिवस याच सुमारास येतो. एक मीटर लांबीची काठी गच्चीवर सरळ उभी धरायची आणि साडेबाराच्या आसपास दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायची. नाशिकला त्या दिवशी सगळ्यात छोटी सावलीसुद्धा जवळजवळ ९५ सेंटीमीटर भरते, म्हणजे काठीएवढीच. आणि सगळ्यात छोटी सावली बाराला न येता साडेबाराच्या पुढे का येते, हे सातवी-आठवीतल्या ताईला किंवा दादाला शोधायला सांगा. उत्तर असं की आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर चालतं आणि नाशिक त्याच्या बरंच पश्चिमेला आहे, पण लगेच सांगू नका.

रात्रीसाठी एक मृग नक्षत्राची चिठ्ठी हवीच. डिसेंबरात रात्री नऊच्या सुमाराला पूर्वेला मृग चांगला वर आलेला असतो, मधले तीन तारे एका ओळीत, त्या ओळीने खाली बघत गेलं की व्याध, सगळ्यात तेजस्वी तारा. स्वेटर, कानटोपी घालूनच पाठवा, आपल्याकडे डिसेंबरात निफाडचा पारा कुठे जातो ते पेपरात वाचतोच आपण. रविवारी गाडी काढायची असेल तर नांदूर मधमेश्वर. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा, थंडीत चक्रवाक, थापट्या असे पाहुणे पक्षी येतात. चिठ्ठीवर ‘पक्षी बघून या’ असं लिहू नका, फार शाळेसारखं होतं. लिहा, ‘थापट्या चोचीने कसं खातो ते घरी येऊन चमच्याने करून दाखवायचं, आजोबा नंबर देणार.’ बुधवारी जमत असेल तर गोदाघाटाच्या बाजारात पन्नास रुपये पोरांच्या हातात द्या आणि पाच वेगळ्या रंगांच्या भाज्या आणायला सांगा, भावसुद्धा त्यांनीच करायचा, तुम्ही तोंड उघडायचं नाही.

आता पोरांनी लिहायच्या चिठ्ठ्या. यात आपण डोकावायचं नाही, फक्त तीन अटी आधी सांगून ठेवायच्या: पैसे लागता कामा नयेत, अर्ध्या तासात संपलं पाहिजे, आणि कुणाला रडू येईल असं काही नको. ज्यांना लिहिता येत नाही ते चित्र काढतील, आणि त्या चित्राचा अर्थ तेच सांगतील, आणि तो रोज बदलेल. नमुने देते. ‘आईला आज ओरडायचं असेल तर गाण्यात ओरडायचं.’ ‘बाबांनी संध्याकाळचा पहिला फोन हॅलोऐवजी म्याव म्हणून उचलायचा.’ ‘काकाने मोबाइल कणकेच्या डब्यावर ठेवायचा आणि एकोणतीसचा पाढा म्हटल्यावरच परत मिळेल.’ ‘आजीने डोळे मिटून माझं चित्र काढायचं.’ मोठ्यांना प्रत्येकी एक जोकर द्या, तो दाखवला की एक चिठ्ठी माफ, पण महिन्यात एकदाच. बाबांचा जोकर म्याववरच जाणार हे पोरांना माहीत असतं, म्हणून हुशार पोरं त्याआधी एक फसवी चिठ्ठी लावतात.

पुडी कोण उघडणार यावरून रोज सकाळी महाभारत नको म्हणून सम-विषम करा. विषम तारखा एकाच्या, सम दुसऱ्याच्या, आणि २४ दोघांची मिळून. हिशोब केलात तर विषमवाल्याला १२ मिळतात आणि समवाल्याला ११, हे ते शोधून काढणारच, तेव्हा २४ ची चिठ्ठी मोठ्याने वाचायचा मान समवाल्याला हे आधीच जाहीर करून टाका.

एखाद्या दिवशी कुणी आजारी, कुणी गावाला, राहिली चिठ्ठी तर दुसऱ्या दिवशी दोन-दोन उरकू नका, मजा जाते. एक जुना श्रीखंडाचा डबा घ्या, त्यावर ‘उधारी’ लिहा, राहिलेली चिठ्ठी त्यात.

२४ ची पुडी मी तरी गावात फिरायची ठेवते. शरणपूर रोडचं संत आंद्रिया चर्च, त्र्यंबक रोडचं होली क्रॉस, नाशिकरोडला राहत असाल तर बाल येशू, सगळीकडे रोषणाई असते. तिथे उपासना चालू असते हे पोरांना निघतानाच सांगा, आत धावाधाव नाही, लोक प्रार्थना करत असताना मधे उभं राहून फोटो नाहीत. आणि सोसायटीत कुणाचा नाताळ असेल तर रिकाम्या हाताने जाऊ नका. दिवाळीत आपलं ताट त्यांच्याकडे गेलेलं असतं, नाताळात त्यांच्याकडून केक आणि करंज्या येतात, तेव्हा त्या गव्हाच्या हिरव्या ताटल्यांपैकी एक लाल रिबन बांधून पोरांच्या हाताने त्यांना द्या.

२५ ला शिडी उतरवताना दोरे फेकू नका, सुरगाठीमुळे एकही कापलेला नसतो, रिळाला गुंडाळून ठेवा, पुढच्या वर्षी येतात कामाला. काड्यांवर फवारे झालेले असतात म्हणून त्या शेकोटीत घालायच्या नाहीत, कागदात बांधून माळ्यावर टाका. उधारीचा डबा ३१ ला रात्रीपर्यंत फेडायचा, नाहीतर व्याज लागतं, एका म्यावचे दोन.