डॉसचा जुना प्रोग्राम विंडोज ११ वर चालवताना

दुकानाच्या हिशेबाचा डॉसमधला (विंडोजच्या आधीच्या जुन्या प्रणालीतला) प्रोग्राम नव्या संगणकावर उघडला नाही, तर फाइल बिघडली असं समजून ती पुसू नका. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच मिळते आणि त्यात डॉसचे १६-बिट प्रोग्राम चालतच नाहीत. कम्पॅटिबिलिटी मोडचाही (प्रोग्राम जुन्या विंडोजसारखा चालवण्याच्या सेटिंगचाही) इथे उपयोग नाही. तो विंडोज एक्सपीच्या काळातल्या ३२-बिट प्रोग्रामसाठी ठीक. त्याऐवजी डॉसबॉक्स-एक्स हा मोफत एम्युलेटर (डॉसचा जुना संगणक भासवणारा प्रोग्राम) टाका. मूळ डॉसबॉक्स मुख्यतः गेमसाठी बनवलेला, त्यात छपाईची सोय नाही; डॉसबॉक्स-एक्समध्ये आहे, आणि बिलं काढायची म्हणजे ती हवीच. मात्र सुरुवातीला प्रोग्रामच्या अख्ख्या फोल्डरची प्रत करा, ती प्रतच डॉसबॉक्स-एक्समध्ये माउंट करून (ड्राइव्ह म्हणून जोडून) चालवा. जुन्या नोंदी नीट दिसेपर्यंत मूळ फोल्डरला अजिबात हात लावू नका.