गोकाकचा धबधबा बघायचाय? मग पाऊस आंबोलीचा बघा

मे महिन्यात पोरांना सुट्टी पडली की बेळगावातनं कितीतरी जण गोकाकला जातात आणि नुसता तांबडा खडक नि एका कोपऱ्यातनं पडणारी बारीक धार बघून परत येतात, मग म्हणतात काही नाही हो तिथं. मला लई वाईट वाटतं, कारण हाच धबधबा ऑगस्टमध्ये बघितला की माणूस बोलायचंच विसरतो.

सगळी गोम पाण्यात आहे. गोकाकात पाऊस पडला का हे बघत बसू नका, तिकडं पाऊस तसा कमीच. धबधबा घटप्रभा नदीवर आहे नि पाणी येतं वरनं, आंबोलीकडनं येऊन तिला मिळणारी हिरण्यकेशी, चंदगडकडची घटप्रभा आणि तिच्यावरच्या हिडकल डॅमचं सोडलेलं. म्हणजे आंबोली-चंदगडला आठ दिवस धो धो लागलाय आणि हिडकल भरत आलंय असं पेपरात वाचलं की गाडीत पेट्रोल टाकून ठेवा, जुलैच्या शेवटापासनं सप्टेंबरपर्यंत कधीही. नदीला पूर आलाय अशी बातमी असली तर मात्र जाऊ नका, रस्ते नि पूल बंद करतात.

बेळगावपासनं साठ-पासष्ट किलोमीटर आहे, अंकलगीवरनं जावा. सकाळी सातला निघालं तर गर्दीच्या आत पोचता. बसनं जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, गोकाक स्टँडवर उतरल्यावर धबधबा आणखी ६ किलोमीटर लांब आहे, तिथं नुसतं ‘फॉल्स’ म्हटलं तरी कुणीही गाडी दाखवतं, कन्नड येत नसलं तरी अडत नाही. रेल्वेनं यायचं तर मिरज लाईनवर गोकाक रोड स्टेशन आहे.

आता बघायचं काय ते सांगतो. आपल्या घाटातले धबधबे काळ्या दगडावरनं पडतात, लाव्हाचा दगड तो. इथला दगड वाळूचा, तांबूस, आणि त्या काळ्यापेक्षा कितीतरी पटीनं जुना. काठावर थांबून नीट बघा, वह्या एकावर एक रचून ठेवाव्यात तसे आडवे थर दिसतात. त्या थरांच्या कड्यावरनं घोड्याच्या नालासारखा वाकून अख्खी घटप्रभा १७० फूट खाली जाते, चहात दूध कमी पडल्यावर होतो तसल्या रंगाची. आवाज आधी येतो, मग तुषार, चष्मा असला तर पुसत बसायला लागतं. वरच्या अंगाला सुमारे २०० मीटरचा झुलता पूल आहे, चालू असला तर जावा, बंद असला तर वॉचमनशी वाद घालू नका. शेजारी १८८७ सालची सूतगिरणी आहे, ह्याच पाण्याच्या जोरावर सुरू झालेली. चालुक्य काळातलं महालिंगेश्वराचं देऊळ पण बघून घ्या.

कडेला जाऊ नका हे मी मनापासनं सांगतोय. आमच्यातला एकजण सेल्फीसाठी दोन पावलं पुढं सरकला, दगड वरनं कोरडा दिसत होता पण त्यावर शेवाळाचा पातळ थर होता, पाय सटकला, मागच्यानं शर्टाची कॉलर धरली म्हणून वाचला. चप्पल नको, ग्रीपचे बूट घाला नि लहान पोरांचा हात सोडू नका.

दुपारी तिथनं गोडचिनमलकीच्या धबधब्याला जावा, साधारण १५ किलोमीटर. ही मार्कंडेय नदी, म्हणजे आपल्या बेळगावच्या राकसकोप धरणाची, कंग्राळी-काकतीवरनं जाते तीच. जिचं पाणी आपण नळाला भरतो ती इथं दोन टप्प्यात उडी मारते, पहिली २५ मीटरची आणि दुसरी १८ मीटरची, मला तर पहिल्यांदा बघताना घरचं माणूस परगावी भेटल्यासारखं झालं. शेवटचा रस्ता खराब आहे, पावसात चिखल असतो, गाडी अलीकडंच लावून चालत जावा. खायला फारसं काही मिळत नाही तिथं, भाकरी-चटणी नि पाणी घरनंच बांधून न्या.

येताना गोकाक गावात थांबून करदंट घ्या, डिंक, गूळ नि सुक्या मेव्याचं. आधी तुकडा चाखायला मागा, देतात, आणि अंधार पडायच्या आत परतीला लागा.