उत्तरकालीन रोमन ब्राँझ नाणं कसं ओळखावं: चेहरा सगळ्यात शेवटी

चौथ्या शतकातलं रोमन ब्राँझ नाणं हातात आलं की पहिला प्रश्न येतो, हा कुठला सम्राट? त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे चेहरा चित्रांशी ताडून बघा. हा सल्ला विसरा. या काळात टांकसाळी व्यक्तीचा चेहरा कोरत नव्हत्या, सम्राटपदाचा कोरत होत्या. कॉन्स्टंटाइन सम्राटाची तीन मुलं (दुसरा कॉन्स्टंटाइन, दुसरा कॉन्स्टँटियस, कॉन्स्टान्स) नुसत्या नाकाडोळ्यांवरून वेगळी करता येत नाहीत.

खरेदी: एकेक, अक्षरं दिसणारं नाणं घ्या. साफ न केलेल्या नाण्यांचे गठ्ठे घेऊ नका, त्यातली चांगली नाणी आधीच वेचलेली असतात. बिल आणि नाणं कुठून आलं याची नोंद मागा. तमिळनाडूत करूर, मदुराई भागात या काळातली रोमन नाणी सापडतात. शंभर वर्षांहून जुनं नाणं भारताबाहेर पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे, हे देवाणघेवाण करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

सफाई: डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, पाणी बदलत राहा, टोकदार लाकडी काडीने माती सोडवा. चिंच, लिंबू, व्हिनेगर, भांड्यांची पावडर यातलं काहीही लावू नका. देवघरातला तांब्या त्याने लखलखतो, पण नाण्याची अक्षरं बहुतेक वेळा त्या हिरव्या-काळ्या थरातच उरलेली असतात. थर गेला की अक्षरंही जातात.

वजन आणि व्यास लिहून ठेवा. सम्राट डायोक्लेशनने २९४ च्या सुमारास आणलेलं मोठं नाणं १० ग्रॅमच्या आसपास होतं. ३३० च्या दशकात ते दीड ते अडीच ग्रॅमवर घसरलं, त्यामुळे नुसत्या वजनावरूनही काळाचा अंदाज येतो.

आता खरं काम. मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो इथेच, कारण मी इतरांच्या सांगण्याप्रमाणे छाप्यापासून सुरुवात करत होतो. नाणं उलटवा आणि काट्यापासून सुरू करा. दोन सैनिक आणि मध्ये दोन ध्वज असतील तर काळ ३३० ते ३३५. ध्वज एकच असेल तर ३३५ आणि त्यानंतरची काही वर्षं. घोड्यावरून कोसळणाऱ्याला भाला मारणारा सैनिक ३४८ नंतरचा. कैद्याला ओढत नेणारा सम्राट किंवा हार घेऊन चालणारी विजयदेवी, तेही लहान नाण्यावर, असेल तर बहुधा ३६४ नंतरचे व्हॅलेंटिनियन, व्हॅलेन्स, ग्रेशियन. लांडगी आणि जुळी मुलं किंवा जहाजाच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) उभी विजयदेवी असेल, तर छाप्यावर सम्राट शोधूच नका. तिथे शिरस्त्राण घातलेली, स्त्रीरूपातली रोम किंवा कॉन्स्टँटिनोपल नगरी आहे.

काळ ठरला की उमेदवार चार-पाचच उरतात. दोन ध्वजांचं नाणं क्रिस्पसचं म्हणून कुणी विकत असेल तर सरळ नको म्हणा. क्रिस्पसला त्याच्या बापाने, कॉन्स्टंटाइनने, ३२६ मध्येच ठार करवलं होतं.

मग डोकं बघा, पण चेहरा नाही, डोक्यावर काय आहे ते. सैनिकांच्या या नाण्यांवर कॉन्स्टंटाइन रत्नपट्टा बांधलेला, आणि त्याची मुलं सीझर (म्हणजे दुय्यम सम्राट) असताना बहुधा पानांच्या मुकुटात. घोडेस्वाराच्या नाण्यावर डोकं उघडं दिसलं तर हात आखडा: तो सीझर आहे, गॅलस किंवा जुलियन. गॅलसच्या नाण्यावरच्या लेखातही, म्हणजे कडेने कोरलेल्या अक्षरांतही, 'कॉन्स्टँटियस' असंच येतं, म्हणून विक्रेते त्याला सर्रास दुसरा कॉन्स्टँटियस म्हणून विकतात. उघडं डोकं हा पुरावा त्या नावापेक्षा पक्का.

नाव आता वाचा. लेख डाव्या खालच्या टोकापासून घड्याळाच्या दिशेने जातो. दिवा बाजूने, तिरका धरा, नाणं हळूहळू फिरवा, भिंग दहापट पुरे. 'कॉन्स्टँटि'च्या पुढे 'एन' आहे की 'व्ही', एवढंच आधी शोधा. 'एन' म्हणजे कॉन्स्टंटाइन (बाप किंवा त्याच नावाचा मुलगा), 'व्ही' म्हणजे कॉन्स्टँटियस. 'कॉन्स्टान'नंतर थेट 'एस' असेल तर धाकटा कॉन्स्टान्स. सुरुवात झिजली असेल तर शेवट वाचा: 'मॅक्स' बापाचं, 'आययूएन' (कोरलेलं 'आय-व्ही-एन') मुलाचं, 'एनओबी सी' सीझरचं, 'एव्हीजी' सम्राटाचं. शेवटच्या तीन अक्षरांनी मला पहिल्या दहांपेक्षा जास्त नाणी उलगडून दिली आहेत.

शेवटी काट्याच्या तळरेषेखालची टांकसाळीची खूण. 'एस-एम-ए-एन' म्हणजे अँटिऑक, 'एस-एम-के' म्हणजे सिझिकस, 'एस-आय-एस' म्हणजे सिसिया. एका सापळ्यापासून जपा: ३२८ मध्ये आर्ल शहराचं नाव कॉन्स्टँटिना ठेवलं, आणि तिथल्या नाण्यांवर 'सी-ओ-एन-एस-टी' आलं. ते कॉन्स्टँटिनोपलचं वाटतं, तसं विकलंही जातं. आर्लमध्ये त्याच्या आधी 'पी' किंवा 'एस' असतो, कॉन्स्टँटिनोपलच्या 'सी-ओ-एन-एस'च्या मागून ग्रीक अक्षर येतं.

एवढं झाल्यावरच अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या ओक्रे या मोफत ऑनलाइन सूचीत जा आणि तुमचं उत्तर पडताळा. फोटोवरून ओळखणारी ॲप्स झिजलेल्या नाण्यावर आत्मविश्वासाने चुकतात.

ठेवण: पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत नको, कागदी पाकिटात, सिलिका जेलसह हवाबंद डब्यात. फिकट हिरवी भुकटी सुटायला लागली तर ते नाणं लगेच वेगळं काढा. क्लोराइड, दमट हवा आणि प्राणवायू मिळून धातू खातात, आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात हे काम झपाट्याने होतं. जूनच्या आधी जेलचे खडे बदला.