रवीने घुसळलेला गवती चहाचा लाटे

पुण्यात पावसाची झड लागली की कॅफेपर्यंत जायचाही कंटाळा येतो. मग लाटे, म्हणजे फेसाळ दुधाचा चहा, घरीच करायचा. मंडईतून आणलेल्या गवती चहाची 2-3 पाती कात्रीने कापून, चेचलेल्या आल्यासोबत पाऊण कप पाण्यात 5 मिनिटं उकळा. गॅस बंद करून 2 चमचे चहा पावडर घाला, 3-4 मिनिटं झाकून ठेवा, गाळा. आलं आधी पाण्यात उकळायचंच. कच्चं दुधात पडलं तर दूध फाटायची भीती. फेसासाठी यंत्र कशाला? पाऊण कप दूध वाफ येईपर्यंत तापवा (उकळी नको) आणि उंच भांड्यात ताकाची रवी मिनिटभर घुमवा. साय मात्र आधी काढा, नाहीतर तिचे तुकडे मिशीला चिकटतात. हे फेसाळ दूध गाळलेल्या चहावर ओता. गूळ घालायचा तर शेवटी, कपातच.