मेलेल्या उमेदवाराची कादंबरी कशी लिहावी

माध्यमं, जाहिरात आणि राजकारणावर काळ्या विनोदाची कादंबरी लिहायची तर अचाट गोष्ट एकच घ्या, बाकी सगळं नियमात बसवा. समजा, विधानसभेचा उमेदवार मतदानाच्या पाच दिवस आधी मरतो आणि प्रचार सांभाळणारी एजन्सी ते लपवते.

का लपवते? इथेच कथानकं गळतात. 'सत्तेची हाव' हे कारण पुरत नाही. बिल अडकलेलं दाखवा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम ५२ वाचा. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार मतदानाआधी वारला तर मतदान तहकूब होतं आणि नवा उमेदवार द्यायला पक्षाला सात दिवस मिळतात. नवा उमेदवार आपली एजन्सी घेऊन येणार, जुन्या बिलाला कोण विचारतो? उमेदवार अपक्ष मात्र नको. अपक्षाच्या मृत्यूने मतदान थांबत नाही, कथानकच लुळं पडतं.

चॅनलवाले मूर्ख रंगवू नका. सगळेच मूर्ख असले की वाचक वीस पानांत कंटाळतो. डेस्कवरच्या पोराला संशय येऊ द्या: तीन दिवस, तीन गावं, बाइटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या छोट्या प्रतिक्रियेत, शर्ट तोच आणि कपाळावरचा टिळाही त्याच बाजूला ओघळलेला. तो बातमी फोडत नाही, 'एक्स्क्लुझिव्ह' मागतो.

मग त्याच कायद्याचं कलम १२६. मतदान संपण्याआधीचे ४८ तास सभा बंद, टीव्हीवरचा प्रचार बंद. एजन्सीला हायसं वाटतं, साहेब आता कायद्यानेच गप्प! पण घरोघरच्या भेटींना बंदी नाही आणि कार्यकर्ते गल्लीच्या तोंडाशी हार घेऊन उभे. कादंबरीचा तिसरा हिस्सा या ४८ तासांना द्या.

विनोद निवेदकाने करायचा नाही, तो कागदपत्रांतून येऊ द्या. जिल्हा निवडणूक कार्यालयाचं प्रचारखर्चाचं दरपत्रक मिळवा. चहा, खुर्ची, हार, सगळ्याचे दर त्यात असतात. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख. हिशेबनीस सरळ चेहऱ्याने विचारतो, "तिरडीवरचा हार स्वागतात धरू का?" पुढे स्पष्टीकरण जोडलंत की विनोद गेला.

खऱ्या पुढाऱ्याची लकब उचलू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे. शिवाय पुढारी पक्ष बदलतो आणि पुस्तक शिळं होतं.

निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, सोबत उमेदवाराचं शपथपत्र. शेवटचं प्रकरण तिथून सुरू करा.